परुळेकरांच्या सुनेचा पाय

‘मसाज’ हा शब्द नोकरीची पहिली कित्येक वर्षं मी आमच्या विक्रोळीच्या चाळीत तोंडातून काढला नाही. कुणी विचारलं, ‘काय गं शालू, कुठे असतेस हल्ली?’ की माझं उत्तर ठरलेलं, ‘मुलुंडला. फिजिओथेरपीत.’ फिजिओथेरपी म्हणजे काय हे विचारणारीला माहीत नसायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नव्हतं. पण शब्द लांबलचक आणि इंग्रजी, त्यामुळे पुढचा प्रश्न यायचा नाही. बघायला येणाऱ्या मंडळींनाही हेच सांगायचं. एकदा एका मुलाला खरं सांगून बघितलं, तर त्याच्या आईने पोहे अर्धे टाकून चपला घातल्या.

लोकांना तरी काय बोलणार? ऐंशीच्या दशकात हा शब्द ऐकला की माणसं एक तर हसायची, नाही तर इकडे तिकडे बघायची. आमच्या मुलुंडच्या मसाज केंद्रात दुपारच्या वेळी फोन यायचे. पलीकडे पुरुषाचा आवाज, हळू. ‘लेडीज मसाज करता का?’ मी म्हणायची, ‘हो, फक्त लेडीजचाच करतो. आईला घेऊन या.’ आणि फोन आपटायची. बाकीच्या मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची, पण घरी जाताना त्या आवाजाचा राग यायचा आणि राग कुणावर काढावा ते कळायचं नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अजूनही लोक मला विचारतात, ‘स्वीडिश मसाज म्हणजे स्वीडनचं तेल का हो?’ अहो, तेल घाटकोपरच्या मार्केटातलं, तिळाचं नाही तर खोबरेल. स्वीडनमध्ये दोनेकशे वर्षांपूर्वी कसरतीचा आणि तलवारबाजीचा एक मास्तर होऊन गेला. त्याचा स्वतःचाच हात आखडला होता म्हणे, आणि तो व्यायामाने सुटला. मग त्याने आजारी माणसाचं अंग कसं हलवावं, ताणावं, दाबावं याची एक पद्धत बसवली. पुढे हॉलंडच्या एका डॉक्टरने चोळण्याची तेवढी बाजू वेगळी काढली, तिच्या पाच तऱ्हा केल्या आणि त्यांना नावं दिली फ्रेंच. असं सगळं आम्हाला शिकवलं होतं. म्हणजे नाव स्वीडनचं, मांडणी हॉलंडची, शब्द फ्रान्सचे आणि करणारी मी, मालवणची!

पाच तऱ्हा म्हणजे लांब सरकता हात, कणीक मळतो तसं मळणं, अंगठ्याने गोल घासणं, थापटणं आणि थरथर देणं. हेतू साधा. आखडलेले स्नायू सैल व्हावेत, हातापायांतलं रक्त हृदयाकडे नीट परतावं, माणसाला झोप लागावी. म्हणून जोर नेहमी हृदयाच्या दिशेने द्यायचा, पायाला घोट्याकडून वर. याने रोग बरे होत नाहीत, पोट तर मुळीच कमी होत नाही. घाटकोपरची एक शेठाणी हे मानायलाच तयार नव्हती. टेबलावर पालथी पडून ती मला म्हणायची, ‘जोर से मारो ना, चरबी निकलेगी,’ आणि कपडे घालून झाले की पिशवीतून तळलेल्या गाठ्यांचा पुडा काढून मलाच आग्रह करायची.

आम्हाला शिकवायला पिंटो मॅडम होत्या, वांद्र्याच्या, निवृत्त नर्स. उंच, सडपातळ, आणि आवाज असा की टेबलावरची बाई दचकून उठून बसावी. त्यांचा नियम एकच होता. ‘पहिला विचारायचा, मग बघायचा, मग हाताची पाठ लावायची. तळवा नंतर.’ हाताच्या पाठीला ऊन-थंड लवकर कळतं. आणि दोन्ही बाजू बघायच्या, एक नाही. डावा पाय दुखतो म्हणाली तरी उजवाही बघायचा. ‘पोटरी सुजलेली, गरम, दुखणारी असली तर हात काढून घ्यायचा. आतमध्ये रक्ताची गाठ असली ना, तू चोळणार, ती सुटणार आणि वर जाणार फुप्फुसात. मग माणूस फुकट जाईल. तुझा सर्टिफिकेट त्याला परत आणणार नाय.’ हे मला पाठ होतं. परीक्षेत मी लिहिलंही होतं.

आता आईचं सांगते.

माझी आई बाळंतिणींना तेल लावायची. सकाळी सहाला घर सोडायची, आधी विक्रोळीतली दोन घरं, मग घाटकोपरला पंतनगरात पाच-सहा. बाळंतिणीला तेल, बाळाला तेल, बाळाची आंघोळ, धुरी, शेक, सव्वा महिना रोज. तिला तिथे नावाने कुणी हाक मारत नसे, सगळ्यांची ती ‘तेलवाल्या मावशी’. बिल्डिंगीत कुणी गरोदर राहिली की डॉक्टरच्या आधी हिच्याकडे शब्द टाकायचा. तिची केवढी मिजास होती! ‘परवा येतंय, आज जागा नाय,’ असं मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या बायकांना सांगायची.

केंद्रात शिकायला लागले त्या पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन तिच्याच दंडावर पाचही तऱ्हा करून दाखवल्या. तिने शांतपणे करून घेतलं आणि म्हणाली, ‘ह्या शिकूक तीन म्हयने?’ चाळीतल्या बाया खो खो हसल्या. मला इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. कारण ती खरं बोलत होती. ती करायची ते आणि आम्ही करायचो ते, यात फरक होता तो पांढऱ्या कोटाचा. आणि तो फरक मला जपायचा होता. तेल लावणारीची मुलगी तेल लावणारी, असं कुणी म्हणू नये म्हणून तर मी मुलुंड गाठलं होतं. आई काय करते हे केंद्रात मी कुणालाही सांगितलं नाही.

पंतनगरच्या परुळेकरकाकू आमच्याकडे खांद्यासाठी यायच्या. त्यांचा खांदा धरला होता, हात वेणीपर्यंत जात नव्हता. मी दोन महिन्यांत तो नेला, म्हणून माझ्यावर फार विश्वास. एक दिवस म्हणाल्या, ‘शालिनीताई, जरा घरी येऊन जाल का? आमची सून वर्षा बाळंत झालीय. तिला आई नाही, म्हणून इथेच केलं सगळं. बाळ बारा दिवसांचं आहे. तिची डावी पोटरी दुखतेय कालपासून, आणि आमच्या तेलवाल्या बाईने हात लावायचं साफ नाकारलं. बघा ना, दुखतं तिथेच चोळायचं सोडून!’

मी ‘येते उद्या’ म्हटलं. त्याच संध्याकाळी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘परुळेकरांच्या सुनेचो पाय माका बरो दिसणा नाय. कढत लागता. मी हात लावलंय नाय, डॉक्टराक दाखवा म्हटलंय. म्हातारी माझ्यावरच तापली.’ समोर बसून मी भाजी चिरत होते. ‘उद्या मीच जातेय तिथे,’ एवढं वाक्य बोलायला काय लागतं? मी बोलले नाही. आई तिथून दहाला निघते हे मला माहीत होतं. मी अकराची वेळ ठरवली.

बाळाने त्या दिवशी उशीर केला असावा. मी गेले तेव्हा आई न्हाणीच्या दारात पाटावर, पाय लांब करून, बाळाला पायांवर घेऊन पुसत बसली होती. तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा फुलला, ‘अगो, तू?’ असं म्हणायला तिने तोंडही उघडलं असेल. मग तिने माझा पांढरा कोट बघितला आणि माझं तोंड बघितलं. काय समजायचं ते समजली आणि मान खाली घालून बाळाच्या बोटांमधलं पाणी टिपायला लागली.

‘या शालिनीताई,’ काकू म्हणाल्या. ‘ह्या मावशींना जरा समजवा तुम्हीच. म्हणे पायाला हात लावायचा नाही.’

आई खाली बघूनच बोलली. ‘ताई, त्या पायाला नका चोळू. गरम आहे तो. आधी डॉक्टरला दाखवा.’

माझी आई मला ताई म्हणाली. अहो-जाहो करून, शहरातल्या शुद्ध भाषेत. माझ्यासाठी. आणि मी म्हणाले, ‘मावशी, तुम्ही बाळाकडे बघा. तुमचं काम ते.’

वर्षा बाजेवर पडली होती. बाजेखालची शेगडी नुकतीच काढली होती, खोलीत ओव्याचा धूर होता, भिंतीसुद्धा ऊन लागत होत्या. मी डाव्या पोटरीला हाताची पाठ लावली. गरम. मी मनात म्हटलं, शेकामुळे असेल, सगळं अंगच तापलंय. उजवा पाय गोधडीखाली होता. गोधडी बाजूला करून तो बघायला दोन सेकंद लागले असते. पण तो जर थंड निघाला असता, तर आईचं खरं ठरलं असतं, तिच्यासमोर, काकूंसमोर. मी गोधडी उचलली नाही.

वीस मिनिटं चोळला मी तो पाय. घोट्याकडून वर, हृदयाच्या दिशेने, अगदी पुस्तकात आहे तसा. पहिल्यांदा वर्षा कळवळली, मग म्हणाली, ‘जरा बरं वाटतंय हो.’ काकू म्हणाल्या, ‘शिकलेल्या माणसाचा हातच वेगळा!’ आईने बाळाला पाळण्यात घातलं आणि ठेवलेला चहा न पिता निघून गेली.

घरी तिने मला एवढंच विचारलं, ‘दुसरो पाय बघलंस?’

‘तुला काय कळतं गं त्यातलं?’ मी ओरडले. शेजारची बाई दारात डोकावून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा केंद्रात फोन आला. वर्षाच्या छातीत कळ आली, श्वास घेता येईना, हॉस्पिटलात नेलंय. मी सांगून निघाले की न सांगताच, आठवत नाही.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये पोचले तर वर्षाचा नवरा, परुळेकरसाहेब, माझ्या आईसमोर उभा राहून ओरडत होता. आई सकाळी नेहमीप्रमाणे त्यांच्या घरी गेली असणार, कुलूप बघून शेजारी विचारून तशीच इथे आली असणार. काखेत तेलाच्या बाटल्यांची पिशवी. डॉक्टरांनी विचारलं होतं, पाय कुणी चोळला? आणि काकूंनी मुलाच्या धाकाने सांगून टाकलं होतं, तेलवाल्या बाईने.

‘अक्कल नाही तर धंदा कशाला करता? माझी बायको मरतेय आत! पुन्हा आमच्या कॉलनीत दिसलीस तर पोलिसात देईन!’

मी दहा पावलांवर होते. काकूंनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि दोघींनी नजर खाली घातली. आई साहेबांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, अगदी थोडी. ‘बोलू नको’ अशी. मग ती म्हणाली, ‘चुकलं साहेब.’

तिने मान हलवली म्हणून मी गप्प बसले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तिने मान हलवायच्या आधीच मी जिन्याकडे एक पाऊल मागे घेतलं होतं.

वर्षा वाचली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं, ऑक्सिजन, तीन आठवडे हॉस्पिटल. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा. पण पंतनगरात आठवड्याभरात बातमी फिरली आणि आईची सगळी घरं गेली. एका बाईने तर बाळाला धरलेले तिचे हात तसेच थांबवले आणि बाळ काढून घेतलं. विक्रोळीतलीही हळूहळू सुटली. मी तिला म्हटलं, ‘मी जाऊन सांगते सगळं.’ म्हटलं खरं, पण चप्पल घातली नाही.

ती म्हणाली, ‘तुझो कागद गेलो असतो. माझ्याकडे कागद खय होतो जावक?’

कागद म्हणजे माझं सर्टिफिकेट, काच लावून भिंतीवर टांगलेलं. आई मग साकीनाक्याला एका गाळ्यात बाटल्यांना बुचं लावायला जाऊ लागली. दिवसभर उभं राहून. ‘हात कशाला लागतो त्याला? माकडसुद्धा करील,’ असं म्हणायची आणि हसायची. मला हसू यायचं नाही.

तीनेक वर्षांनी वर्षा केंद्रात आली. एकटीच, पाचवा महिना. मी तिला बसायला सांगितलं तर उभीच राहिली.

‘माझा पाय होता, ताई. कुणी चोळला ते मला माहीत नसणार का? शुद्धीवर आल्यावर मी सासूबाईंना म्हटलंसुद्धा. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, झालं ते झालं, मुलाला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. मी पण गप्प बसले.’ मग म्हणाली, ‘ह्या वेळी मला त्या मावशीच हव्यात. दुसऱ्या कुणाचा हात मी लावून घेणार नाही. तुम्ही त्यांना शोधून द्या, एवढं करा.’

मी म्हटलं, ‘ती माझी आई आहे.’

‘आणि तुम्ही तिला मावशी म्हणालात?’ ती एवढंच बोलली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. पदराने पुसले आणि म्हणाली, ‘जातंय ना! पोरीक आई नाय. पण त्या सायबाक आधी खरा सांग. चोरासारखी मी त्यांच्या दारात उभी रवचंय नाय. तू सांग, मगे मी येतंय.’

एवढीच तिची अट. बाटल्यांच्या गाळ्यातून सुटून तिला पुन्हा तिचं काम मिळणार होतं, मान मिळणार होता, आणि तो द्यायला माझं एक वाक्य पुरे होतं.

रविवारी सकाळी मी गेले. वाटेत ते वाक्य घोकत गेले. दार साहेबांनीच उघडलं, आणि मी नाव सांगताच दोन्ही हात जोडले.

‘या, या! कधीचं तुम्हाला भेटायचं राहिलं होतं. आईने सांगितलंय मला. तुम्ही त्या वेळी बजावून गेला होतात ना, ह्या पायाला हात लावू नका म्हणून? आणि त्या बाईने ऐकलं नाही. शिक्षण नसलं की हे असं. वर्षा, चहा टाक गं!’

काकू सोफ्यावर होत्या. त्यांनी उगाच चष्मा काढून पुसायला घेतला. माझ्या आईचं वाक्य त्यांनी माझ्या तोंडी घातलं होतं आणि माझा गुन्हा तिच्या माथी. वर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती. थोरला मुलगा तिच्या साडीला धरून उभा होता.

मला बोलायचं होतं. शपथेवर सांगते, तोंडाशी आलं होतं. पण समोर एक माणूस हात जोडून उभा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाला हात जोडत होतं. मी म्हटलं, ‘आमचं कर्तव्यच आहे ते.’

आणि मी चहा प्यायले. पूर्ण. वर्षाने कप उचलून नेला, माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आई दारातच बसली होती. केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून. रविवारचं कुणी असं नेसत नाही. ‘सांगलंस?’

‘घरात नव्हते साहेब,’ मी म्हटलं.

‘परत जा,’ ती म्हणाली. पुढच्या रविवारी विचारलं, त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं. मी कधी म्हणे ते टूरवर गेलेत, कधी म्हणे पाहुणे होते. मग तिने विचारणं सोडलं. वर्षाला मुलगी झाली असं कुणाकडून तरी कळलं. तेल लावायला कोण होतं, ते मी विचारलं नाही.

पुढे माझं चांगलं झालं. पिंटो मॅडमनंतर मीच मुलींना शिकवू लागले. दोन्ही पाय बघा, हाताची पाठ लावा, हे मी शेकडो मुलींना सांगितलं, आणि उदाहरण म्हणून एका अडाणी तेलवाल्या बाईची गोष्ट सांगायची. हो. मी सांगायची. मुली चुकचुकायच्या. आई जाईपर्यंत सांगत होते. त्यानंतर मात्र माझ्याने सांगवली नाही.

संपादकांनी तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा म्हटलं होतं. शेठाणीच्या गाठ्यांवर थांबायला हवं होतं बहुतेक. पण परुळेकरसाहेब, तुम्ही दिवाळी अंक घेत असाल, निदान वाचनालयातून आणत असाल, म्हणून लिहितेय. तुमच्या बायकोचा पाय मी चोळला. ‘नको’ म्हणाली होती ती माझी आई. तुम्ही चुकीच्या बाईला हात जोडलेत, आणि मी ते जोडून घेतले.